राजवाड्यात चूल कुठं असते?

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न येडपट वाटेल पण धागा काढायचं कारण आमच्या मातोश्री. मागच्या महिन्यात तिला घेऊन कोल्हापूरला गेलतो, अंबाबाईचं दर्शन लवकर झालं, दुपार मोकळी होती म्हणून न्यू पॅलेसला नेलं. काळ्या दगडाचा तो वाडा, मधोमध घड्याळाचा मनोरा. १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला, आर्किटेक्ट मेजर मॅन्ट. आत दोन मजले उंच दरबार हॉल, कमानींना रंगीत काचा आणि काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. खाली म्युझियम, पेंढा भरलेले वाघ, हत्यारं, चांदीच्या वस्तू. मी आपला आ वासून बघत होतो.

आई गेली बावीस वर्षं कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी करते. लग्नसराईत दिवसाला पाचशे-पाचशे भाकरी थापलेल्या आहेत बाईनं. तिनं सगळं शांतपणे बघितलं आणि बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणाली, "दरबार बगितला, वाघ बगितले, सिंव्हासन बगितलं. पण एवढ्या माणसांचा सैपाक कुठं व्हायचा रे? चूल कुठंय ह्यांची?"

मला उत्तर आलं नाही. मग गाडीत आठवायला लागलो तर लक्षात आलं की मी म्हैसूर बघितलंय, बडोदा बघितलंय, जयपूर बघितलंय, पण एकाही राजवाड्यात स्वयंपाकघर बघितल्याचं आठवत नाही. झोपायची खोली तरी क्वचित दाखवतात, मोरी-संडास तर नाहीच नाही. म्हणजे आपण जे "इंटेरिअर" म्हणून बघून येतो ते घर नसतंच, ती नुसती बैठकीची खोली असते. कुणी आतलं काही बघितलं असेल, वाचलं असेल तर सांगा की. आई रोज विचारायलीय "मिळालं का उत्तर".

सात_रस्ता

राजाला काय, स्विगीवरनं यायचं असणार.

(जोक होता. काकूंना नमस्कार सांगा. माझ्या बहिणीच्या लग्नात भाकऱ्या बहुतेक त्यांच्याच होत्या.)

इतिहासमास्तर

प्रश्न अजिबात येडपट नाही. मराठी राज्यात राजवाड्याचा कारभार "अठरा कारखाने बारा महाल" असा वाटलेला असे. कारखाना म्हणजे फॅक्टरी नव्हे, खातं. त्यातलं स्वयंपाकाचं खातं म्हणजे मुदबखखाना, पुढे बोलण्यात मुदपाकखाना. पाण्याचा आबदारखाना वेगळा, सरबतखाना वेगळा, धान्याचा अंबारखाना वेगळा, कपडे-दागिन्यांचा जामदारखाना वेगळा. म्हणजे तुमच्या आमच्या घरात फडताळ, पिंप, चूल आणि कपाट दहा बाय बाराच्या खोलीत असतं तेच तिथे एकेक खातं होऊन बसलेलं, प्रत्येकावर दरोगा किंवा कारकून आणि प्रत्येकाच्या जमाखर्चाच्या वह्या.

त्यामुळे चूल राजवाड्यात "एका खोलीत" शोधू नका, ती मुख्य इमारतीपासून बाजूला एखाद्या वेगळ्या चौकात असायची. कारण दोन. धूर, आणि आग.

कुणीतरी_पुणेकर

आगीचं मास्तरांनी बरोबर सांगितलं. आमचा शनिवारवाडा बघा ना. १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये (आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हा आकडा पाठ असतो, उगाच पुणेरी अभिमान समजू नये). गणेश महाल, आरसे महाल, नक्षीचं छत, सागवानी खांब, भिंतींवर रामायण-महाभारतातली चित्रं. आणि १८२८ साली आग लागली ती कित्येक दिवस विझली नाही. आता आत गेलात तर जोती, हिरवळ आणि कारंज्याचा हौद. वरचं सगळं लाकूड होतं, ते गेलं. आज तिथे उभं राहून "आरसे महाल कुठे होता" असं कुणी विचारलं की आम्ही हवेत बोट दाखवतो.

घाटावरचा

रायगडाचंही तेच. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वरचे वाडे पेटले, लाकूडकाम सगळं राख. आता नुसते चौथरे. पण चाटीगल्ली, तुमच्या मोरी-संडासच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. राणीवशाच्या महालांची जी ओळ आहे ना, तिथल्या महालांना लागून शौचकूप आहेत, दगडात बांधलेले, सांडपाणी बाहेर काढायची सोय केलेले. गाईड लोक तिथं जरा घाईनं पुढं नेतात, पण थांबून बघा. सतराव्या शतकात डोंगराच्या टोकावर अटॅच्ड संडास! माझ्या आजोळी १९९० पर्यंत डबा घेऊन जायचे लोक.

माळ्यावरची_ट्रंक

चूल बघायची असेल तर काकूंना कन्याकुमारीच्या बाजूला पद्मनाभपुरमला न्या. त्रावणकोरच्या राजांचा जुना वाडा, सगळा लाकडी, आहे तमिळनाडूत पण सांभाळतं केरळ सरकार. तो मला आजवर बघितलेल्या सगळ्यात "राहतं घर" वाटलेला राजवाडा, कारण तो उंच नाहीये, दबका आहे, वाकून जावं लागतं, उतरतं छप्पर, मंद उजेड.

तिथं ऊट्टुपुरा म्हणून जेवणघर आहे, दोन मजली, एका वेळी हजार माणूस पंगतीला बसेल एवढं लांब. रोज फुकट जेवण घालायचे. आणि लोणच्याच्या बरण्या! बरणी म्हणजे आपली चिनीमातीची नव्हे, माणूस आत उतरेल एवढाले रांजण. राजाच्या सभेच्या खोलीची जमीन काळीभोर आणि आरशासारखी, ती म्हणे नारळाची करवंटी जाळून, तिचा कोळसा, चुना, अंड्यातलं पांढरं असं घोटून केलीय. अनवाणी चालल्यावर पाय असा गार पडतो की निघावंसं वाटत नाही. पलंग एक आहे तो औषधी लाकडांच्या ६४ तुकड्यांचा केलाय म्हणतात.

सोन्याचा पत्रा कुठंही नाही. झुंबरंही नावापुरती. आणि तरीही, की त्यामुळेच माहीत नाही, तिथून बाहेर पडताना असं वाटलं की घरमालक आत्ता आंघोळीला गेलेत.

चाटीगल्ली

बरण्यांचं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "हजार माणसाला एकाच रांजणातलं लोणचं लागतं व्हय? दोन-तीन तरी असतील." नंतर अर्धा तास तिचा हिशोब चालू होता, हजार माणसाला किती कैरी, किती मीठ. मीठ तिला कमी पडेल असं वाटतंय.

हैदराबादी_सून

माहेर सोलापूर, नांदते हैदराबादला, त्यामुळे पाहुणे आले की मला निजामाच्या घरी न्यावंच लागतं :)

चौमहल्ल्यात खिलवत मुबारक म्हणून दरबार आहे, तिथं बेल्जियन काचेची १९ झुंबरं लटकतात. फलकनुमा आता हॉटेल झालंय, तिथल्या जेवणाच्या टेबलाला १०१ माणसं बसतात. पण चाटीगल्ली, तुमच्या आईचा मुद्दा बघा, टेबल आहे, स्वयंपाकघर दाखवत नाहीत! ग्वाल्हेरच्या जयविलासमध्ये तर टेबलावर चांदीची छोटी आगगाडी फिरते, पाहुण्यांपुढं दारू-सुकामेवा नेणारी, वस्तू उचलली की गाडी थांबते. म्हणजे वाढपी दाखवला, आचारी गायब. तिथलीच दरबारातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, छत पेलेल का बघायला म्हणून आधी वर हत्ती चढवले होते ही गोष्ट सगळ्यांना माहीत असतेच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते पुरानी हवेलीतलं कपाट. सहावा निजाम महबूब अली खान, त्याचं कपड्यांचं कपाट. कपाट कसलं, बर्मा सागाची दोन मजली लांबच लांब गल्ली आहे, सुमारे १७६ फूट. वरच्या मजल्यावर जायला हातानं फिरवायची लाकडी लिफ्ट. एकदा घातलेला कपडा तो परत घालत नसे म्हणतात. सासूबाई तिथं उभ्या राहून मला म्हणाल्या, "आणि तुला तिसरं कपाट हवंय म्हणून माझा मुलगा कुरकुरतो."

बिनचूक_बोलणारा

सगळं वाचतोय, छान चाललंय, पण एक विचारू का. ह्या झुंबरांचं आणि आगगाड्यांचं इतकं कौतुक कशासाठी? पैसा कुणाचा होता? १८९६-९७ ला आपल्या सोलापूर जिल्ह्यात दुष्काळानं माणसं मरत होती त्याच वेळी कुठं कुठं राजवाडे बांधले जात होते. म्हैसूरचा वाडा ४१ लाखांवर गेला.

इतिहासमास्तर

पैसा रयतेचा होता, यात वाद नाही. पण म्हैसूरचं थोडं वेगळं आहे. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नातच आग लागून जळाला. नवा बांधायचा तो "पेटणार नाही" असा बांधायचा, हेच आर्किटेक्ट हेन्री आयर्विनचं काम होतं, १९१२ ला पुरं झालं. म्हणून तिथल्या कल्याणमंटपाचे खांब ओतीव लोखंडाचे, ते स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या फाउंड्रीत ओतलेले. रंग असा दिलाय की लोखंड वाटत नाही.

आणि जोधपूरचं उमेदभवन तर दुष्काळी काम म्हणूनच काढलं, १९२९ ते १९४३, हजारो माणसं कामाला. त्या वाड्याच्या इंटेरिअरची गोष्ट मजेची आहे. फर्निचर लंडनला बनवून जहाजानं येत होतं, महायुद्धात जर्मनांनी जहाज बुडवलं. मग नॉरब्लिन नावाचा एक पोलिश चित्रकार, तो स्वतः युद्धामुळे देश सोडून आलेला, त्यानं भिंती रंगवल्या आणि फर्निचर जोधपूरच्याच कारागिरांकडून करून घेतलं. म्हणजे राजाच्या बेडरूमचं डिझाईन एका निर्वासिताचं.

बिनचूक_बोलणारा

हे माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा राहतोच.

इतिहासमास्तर

राहू द्या की. राहिलाच पाहिजे.

पूर्वभाग

मी पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. आम्ही विणकर. आजोबा तेलंगणातनं आले, हातमाग, मग पॉवरलूम, चादर आणि टॉवेल. नाना म्हणजे आमचे वडील (तेलुगूत वडलांना नाना) वयाच्या बाराव्या वर्षापासून मागावर. आता डोळ्यानं कमी दिसतं पण बोटानं सूत ओळखतात, कितीचा काउंट हे सांगतात, चुकत नाहीत.

त्यांना घेऊन मी एका राजवाड्यात गेलो, नाव सांगत नाही. सगळे लोक मान वर करून झुंबर बघायले आणि नाना खिडकीजवळ उभे. पडदा चिमटीत धरून चोळायलेत. मी म्हटलं नाना तिकडं बघा. म्हणाले, "हे पॉलिस्टर आहे. राजा पॉलिस्टर लावत होता का?" आणि मग जे बोलले ते तेव्हापासून माझ्या डोक्यातनं जाईना. म्हणाले ह्या खोलीत जे होतं ते सगळं कापड होतं, ते गेलं, आता हे लोक आपल्याला पेटी दाखवतेत आणि म्हणतेत बघा दागिना.

मला आधी कळलं नाही. मग मी जरा शोधाशोध केली, व्हिडिओ बघितले, इकडं तिकडं वाचलं. आणि नानांचं शंभर टक्के खरं आहे ओ. आपल्याकडच्या जुन्या राजवाड्यात खुर्ची टेबल पलंग सोफा असलं जास्त काही नव्हतंच, ते इंग्रज आल्यावर. त्याच्या आधी खोली म्हणजे नुसता दगडाचा किंवा लाकडाचा सांगाडा, आणि त्यात सतरंजी, सतरंजीवर जाजम, जाजमावर गालिचा, गालिच्यावर गादी, लोड, तक्क्या, मागं मसनद, वर छताला चांदवा, कमानीला पडदा, पडद्याच्या आत चिक (बारीक काड्यांचा पडदा), बाहेर कनात. उन्हाळ्यात एक सेट, थंडीत दुसरा. दरबार आहे तर एक बिछायत, तेच संध्याकाळी गाण्याची बैठक आहे तर दुसरी. म्हणजे सकाळी जी कचेरी तीच रात्री झोपायची खोली, फक्त कापड बदलायचं. म्हणून तर त्या खोल्यांना आपल्यासारखं हॉल-किचन-बेडरूम असं नाव नसायचं.

दिल्लीच्या लाल किल्ल्यात आणि फत्तेपूर सिक्रीला कमानींच्या वरच्या अंगाला कड्या आहेत, गाईडला विचारलं तर काहीतरी ठोकून देतो, पण त्या छप्पराच्या कापडाच्या दोऱ्या बांधायच्या आहेत. मोकळ्या चौकात मखमलीचा मांडव ओढायचा, चौकाचा दिवाणखाना झाला. जोधपूरच्या मेहरानगडावर लाल डेरा म्हणून तंबू ठेवलाय, लाल मखमल आणि त्यावर जरीचं काम, शहाजहानच्या काळातला, तो नानांना व्हिडिओत दाखवला. नानांनी मोबाईल डोळ्याला लावून बघितला आणि म्हणाले, हे घर आहे, बाकी सगळं भिंत आहे.

दगड टिकतो, कापड पन्नास-साठ वर्षांत विरतं, कसर लागते, उंदीर खातो, जरी काढून वितळवतेत. म्हणून आपल्याला वाटतं राजे लोक गार दगडात बसत होते. तसं नव्हतं. ते कापडात राहत होते. एवढंच सांगायचं होतं. जास्त लिहिलं असेल तर माफी.

माळ्यावरची_ट्रंक

माफी कसली, ह्या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. "पेटी दाखवतेत आणि म्हणतेत बघा दागिना", हे नानांना माझ्याकडून साष्टांग नमस्कारासकट कळवा.

इतिहासमास्तर

पूर्वभाग, तुमच्या वडलांनी जे बोटानं ओळखलं त्याला आमच्या दफ्तरात नाव आहे. फरासखाना! अठरा कारखान्यांतलाच एक. जाजमं, गालिचे, तंबू, कनाती, दिवे हे सगळं सांभाळणारं खातं. फरास म्हणजे बिछायत घालणारा माणूस. पुण्यात फरासखाना पोलीस चौकी म्हणून जे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते तिथूनच आलं. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर राजाचं इंटेरिअर डिपार्टमेंट. आणि हे खातं बिछायतीबरोबर तंबूही सांभाळायचं, म्हणजे वाड्याचं इंटेरिअर आणि छावणीचं इंटेरिअर एकच माणसं, एकच सामान. घर उचलून मोहिमेवर न्यायचं.

मराठीत "छत" हा शब्दही आधी वरून ताणलेल्या कापडालाच होता. तुम्ही लोक स्लॅबला छत म्हणता तो नंतरचा प्रकार.

कुणीतरी_पुणेकर

फरासखान्यासमोरून आयुष्यभर गेलो, आत्ता कळलं. लाजच वाटायला लागली.

सात_रस्ता

पुणेकराला लाज वाटली, धागा सार्थकी लागला.

शेंगाचटणी

मला उन्हाळ्याचं विचारायचंय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंश असतं, पंखा गरम हवा फेकतो, कूलरला पाणी मिळत नाही. हे लोक मखमल आणि गालिच्यात शिजून निघत नसतील का?

घाटावरचा

मखमल थंडीत हो. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे. त्यावर पाणी शिंपडायला माणूस, हवा आली की गारेगार आणि वास वेगळाच. तुमचा कूलरमधला जाळीचा पॅड म्हणजे त्याचीच गरीब नात.

आणि लांब कशाला जाताय, नळदुर्गला जा की. हैदराबाद रोडला तासाभरात पोचाल. किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा घातलाय त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात वरून नर-मादी नावाचे दोन धबधबे पडतात, तुम्ही बंधाऱ्याच्या आत खोलीत उभे, खिडकीपुढून पाण्याची चादर जातेय आणि आत एक थेंब नाही. पूर्वभाग, ही चादर मात्र सोलापुरी नाही! राजाची एसी रूम म्हणजे ही. मी ऑगस्टमध्ये गेलो होतो, आत उभं राहिल्यावर आवाज इतका की बायको काहीतरी सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, आयुष्यातली सगळ्यात शांत पंधरा मिनिटं.

शेंगाचटणी

वहिनी हा धागा वाचतात का?

घाटावरचा

नाही, म्हणून तर लिहिलं.

विजापूरवेस

विजापूरकडं कुमटगी म्हणून गाव आहे, सिंदगी रोडला. तिथं आदिलशाही जलमहाल आहेत, छोटे छोटे मंडप, आतल्या भिंतींवर रंगीत चित्रं होती, पोलो खेळणारे, कुस्ती खेळणारे, आता बरीच पुसट. मंडपात नळ खेळवून वरून फवारा पडायची सोय होती. लोकं गोलघुमट बघतात, बसमध्ये बसतात आणि परत. कुमटगीला कुत्रं जात नाही.

विजापुरात राहत्या वाड्याचं म्हणाल तर गगनमहाल, १५६१ चा, पहिल्या अली आदिलशहाचा. खाली दरबार, वर राहायचं. मधली कमान साठ फुटांहून जास्त रुंद. वरचा मजला, सज्जे सगळं लाकडी, त्यामुळं आज फक्त ती कमान, तिच्यातून आभाळ दिसतं. असर महाल बरा आहे, पुढं उंच सागवानी खांब, आत वरच्या खोल्यांत भिंतींवर वेलबुट्टी, पण बायकांना आत सोडत नाहीत त्यामुळं काकूंना बाहेरच बसावं लागेल.

चाटीगल्ली

आईला सांगितलं. "मग मला काय बघायचंय तिथं" असं म्हणाली. विषय संपला.

अक्कलकोटी

सगळे जग फिरून आलात, आमच्या अक्कलकोटला कुणी आलं नाही. स्वामींच्या दर्शनाला लाखानं माणूस येतं, प्रसाद घेतं आणि परत. संस्थानचा नवा राजवाडा तिथंच आहे, शस्त्रागार आहे त्यात, तलवारी, भाले, बंदुका. लहानपणी आम्हाला शाळेतनं नेलं होतं, मला तलवारींपेक्षा तिथला लाकडी जिना लक्षात आहे, त्याच्या कठड्यावरनं हात फिरवत उतरलो तर मास्तरांनी पाठीत धपाटा घातला. (मास्तर म्हणजे आमचे, तुम्ही नव्हे इतिहासमास्तर.)

इतिहासमास्तर

मीही घातलाच असता.

बाळीवेसकर

सोलापूर शहरात राजवाडा नाही, हे आपलं दुःख. भुईकोट किल्ला आहे पण तो राहण्यापेक्षा लढण्यासाठीचा. त्याची गंमत वेगळी, अहमदनगरच्या निजामशहानं मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण दिला. आपल्यात आंदणात भांडीकुंडी, गादी-पलंग देतात, त्यांनी किल्लाच दिला. विजापूरवेसनं जो गगनमहाल सांगितला तो ह्याच जावयाचा बरं का. म्हणजे चांदबीबी सोलापूर घेऊन तिथं नांदायला गेली असं म्हणा.

आणि राजवाडा नसला तरी इंद्रभुवन आहे की. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं, कुठल्याही संस्थानिकानं हेवा करावा असं, आता महापालिका आहे त्यात. दहा-बारा वर्षांचा असताना वडलांबरोबर दाखला काढायला गेलो होतो, वडील रांगेत आणि मी वर बघत. तोवर मला माहीतच नव्हतं की छताकडं बघायचं असतं. आमच्या घरी वर पत्रा होता.

हैदराबादी_सून

एक राहिलंच. आपण बायकांचं बोललोच नाही. बडोद्याच्या लक्ष्मीविलासमध्ये (१८९० ला पुरा झाला, सुरुवात कोल्हापूरवाल्या मॅन्टनीच केली होती, तो मधेच वारला मग चिझमनं पुरा केला) दरबार हॉलमध्ये एकही खांब नाही, खाली व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझॅकची जमीन, आणि वर भिंतीला लाकडी जाळीचे झरोके. राण्या तिथं बसून दरबार, गाणं बघायच्या. आपण पर्यटक म्हणून खाली उभं राहून सिंहासनाच्या बाजूनंच खोली बघतो ना. मी एकदा त्या जाळीकडं बघत दहा मिनिटं उभी राहिले. तिथनं ही खोली कशी दिसत असेल? गायकाचा टाळूवरचा भाग आणि नवऱ्याचा फेटा.

पूर्वभाग

ताई, जाळीतनं बाहेर दिसतं, बाहेरनं आत दिसत नाही, हे विणीचं गणित आहे. उजेड कुठल्या बाजूला त्यावर. चिकाच्या पडद्याला पण हेच. नानांना विचारून लिहितो सविस्तर.

माळ्यावरची_ट्रंक

चाटीगल्ली, आहात का? मुख्य प्रश्नाला धरून एक सापडलं. बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे ना, काळ्या दगडात शिंपले जडवलेला, तिथं मी गेले होते. (आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, म्युझियमच्या ऑफिसात विचारल्यावर माणूस किल्ली घेऊन आला. काळ्याभोर दगडात तो शिंपला असा लकाकतो, आणि अंधाऱ्या खोलीत दाराची फट उघडल्यावर एकदमच सगळी वेल दिसते, अंगावर काटा आला होता.) ते म्युझियम ज्या इमारतीत आहे तो म्हणे जुना शाही हमामखाना, म्हणजे न्हाणीघर. काल जुने फोटो चाळताना एका पाटीचा फोटो सापडला, तेव्हा मी बघून पुढे गेले होते. रंगीन महालाजवळचीच एक इमारत, नाव "शाही मतबख".

इतिहासमास्तर

मतबख म्हणजे अरबी-फारसीत स्वयंपाकघर! आमचा मुदबखखाना त्याच शब्दापासून. बहामनी-बरीदशाहीतला मतबख मराठ्यांच्या दफ्तरात आला तेव्हा मुदबख झाला आणि बोलता बोलता त्यात "पाक" शिरला. म्हणजे चाटीगल्ली, तुमच्या आईची चूल बिदरला आहे.

चाटीगल्ली

आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. पाच मिनिटांनी आतनं आवाज, "बिदर किती लांब?"

सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, बिदर. दोनशेच्या आसपास किलोमीटर. जाता जाता पाणीमहाल पण होईल. ह्या रविवारी पहाटे पाचला निघतोय, गाडी सातची आहे, आम्ही चौघं. तीन सीटा रिकाम्या.

पूर्वभाग

मी आणि नाना येऊ का? नानांना शिंपल्याचं काम हातानं बघायचंय. हात लावू देत नसतील तर बाहेर बसतील.

चाटीगल्ली

या की, विचारायचं काय. अशोक चौकातनं घेतो तुम्हाला, सव्वापाचला उभे राहा.

सात_रस्ता

एक सीट उरली. भाकरी असणार आहे का तेवढं कन्फर्म करा.

चाटीगल्ली

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आईनं ज्वारी काल रात्रीच दळून आणलीय, एवढी की मी विचारलं किती माणसं धरलीस. म्हणाली मुदपाकखान्यात जायचं आणि हात हलवत जायचं का?

सात_रस्ता

५:१० ला सात रस्त्याला उभा आहे.